झाकलेल्या कुंड्यांची तुळस

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घराच्या गच्चीवर तिच्याच कुंड्यांना पाणी घालत होतो. अमरावतीच्या दवाखान्यातून भाचा बोलत होता. "मामा, आई गेली." सहा कुंड्या झाल्या होत्या, सहा राहिल्या होत्या. त्या पुऱ्या केल्या आणि मग खाली येऊन घरात सांगितलं...

ताई अमरावतीला वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर तिने हा प्रयोग माझ्या गच्चीवर मांडला, कारण तिच्या फ्लॅटला गच्ची नव्हती आणि मी पाणी मापूनच घालीन याची तिला खात्री होती. "तू मानूस नाही, तराजू हायेस," म्हणायची. बी एकच, माती एकच, पाणी सारखं. निम्म्या कुंड्या उघड्यावर. बाकीच्यांवर खास प्लास्टिकचा कागद, ज्यातून उजेड जायचा पण उन्हातले अतिनील किरण अडायचे. पुढे फरक माझ्यासारख्यालाही दिसला. झाकलेली तुळस मोठ्या, मऊ पानांची, देखणी. उघड्यावरची खुरटी, जाड, जांभळट. पण पान चुरगाळलं की वास थेट नाकात चढायचा. "ऊन चावते म्हनून पान आपल्या बचावाले हे तेल बनवते. आपन त्यालेच औषध म्हनतो," ताई सांगायची, आणि लगेच, "पन लय चावलं तं पानच जळते."

मग तिला ल्युपस निघाला. त्याच किरणांनी भडकणारा आजार, शरीर स्वतःवरच उलटतं. आधी चेहऱ्यावर चट्टे, मग मूत्रपिंडं. ती आमच्याकडे राहायला आली. कुंड्या झाकून उरलेला कागद मी तिच्या खोलीच्या खिडकीला लावला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या. ती हसली. "म्हंजे मी आता झाकल्या कुंडीत आली." पुढे हसणं बंद झालं. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पानाले जमते, ते मले काहून नाही जमत रे?" मी पंखा वाढवला. दुसरं काय करणार होतो...

काढ्यांच्या जाहिरातींना जन्मभर हसलेली ताई शेवटी म्हणाली, "उघड्यावरच्या पानाचा काढा दे मले."

"तूच सांगत होतीस ना, पानात तेल वाढलं म्हनून रोग जात नाही?"

"मले माहीत हाये. तरी दे."

मूत्रपिंडांमुळे डॉक्टरांनी कुठलाही काढा नको म्हटलं होतं. नाही म्हणवेना, देववेनाही. मग मी हिशेब केला : झाकलेल्या कुंडीतली पानं सौम्य, तीही थोडीच घ्यावी. एक घोट घेऊन ती थांबली.

"झाकल्यातलं हाये ना?"

"हो."

तिने पेला संपवला, शेवटच्या थेंबापर्यंत. त्याच आठवड्यात तिला अमरावतीला हलवलं.

तेरवी झाल्यावर मी गच्चीवरचा कागद ओढून काढला. आता कोणासाठी झाकायचं, या रागाने. थोड्याच दिवसांत ती मोठी मऊ पानं करपून पांढरी पडली. सवय नसलेल्या रोपाला एकदम ऊन दाखवू नये, हे ताईने सांगितलं असतं. झाकलेली एकही वाचली नाही. उघड्यावरच्या कुंड्या या वैशाखातही तग धरून आहेत. पाणी मापूनच घालतो.

खिडकीवरचा कागद तसाच आहे. "काढा आता तो," बायको म्हणते, "तिथं कोन झोपते?" कोणी नाही. उन्हाने चिकटपट्टी सुटते, तेव्हा मी जातो आणि कड अंगठ्याने पुन्हा दाबून बसवतो.