कार्ड माझ्याकडेच राहील

जळगावच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी साफसफाईला होते, तिथे पगाराच्या दिवशी आमचा ठेकेदार गेटजवळच्या एटीएममध्ये शिरायचा तो बराच वेळ बाहेर यायचा नाही. हातात रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा असायचा. कार्डं आमची. कामावर लागताना प्रत्येकीचं बँकेत खातं उघडलं, कार्ड आलं, आणि आलं तसं त्याने ‘जमा’ करून घेतलं. सगळ्या कार्डांना त्याने एकच पिन लावला होता. लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून.

खात्यात बारा हजारांच्या थोडं वर पडायचे. हातात सात यायचे. यात लपवलेलं काही नव्हतं. पैसे आल्याचा मेसेज मोबाइलवर यायचा, पाठोपाठ काढल्याचाही यायचा. कुणी विचारलंच तर तो शांतपणे सांगायचा, “कायद्यासाठी तेवढे दाखवावे लागतात. तुमचा ठरलेला पगार सातच.” आणि आम्ही सात मोजून घ्यायचो.

मी नशिराबादहून यायचे. नवरा केळीच्या गाड्या भरायला रावेरकडे जायचा, हंगामात आठवडा आठवडा तिकडेच. घरी सासू आणि मुलगी. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “सून दवाखान्यात आहे.” पुढचं सांगायच्या नाहीत. मला मात्र झाडू-पोछ्याची लाज कधी वाटली नाही. माझ्या मजल्यावरच्या संडासात नाक दाबून कुणी जात नसे, हे मला माहीत होतं. लाज वाटायची ती पगाराच्या दिवशी त्याच्यापुढे हात पसरून उभं राहायची.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात माझे खाडे पडले. त्याने ते सातातून कापले. मी म्हटलं, “शेठ, खाडे वरच्या पाचातून कापा ना.”

तो हसला. “वरचे पाच तुझे होते कधी?”

बाकीच्याही हसल्या. भीतीने हसल्या असतील, पण हसल्या. घरी जाताना रिक्षात मला एकच वाक्य ऐकू येत होतं. मी विचार करत होते, नसतील माझे, तर बँक माझ्या नावावर का टाकते?

पुढच्या महिन्यात पगार पडायच्या आधी मी आधार कार्ड घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या साहेबांना म्हटलं, “माझं एटीएम बंद करा, नवीन द्या.”

“हरवलं का?”

“नाही. दुसऱ्याकडे आहे.”

“मग त्याच्याकडून घ्या.”

“तो देत नाही.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. “हरवलं असं लिहा. सोपं पडेल.”

“मी हरवलेलं नाही, साहेब. त्याने ठेवून घेतलंय. तसंच लिहिते.”

मागे रांग खोळंबली होती. एकजण पुटपुटलाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “लिहा.” मी दहावी झालेय, अक्षर बरं आहे. लिहिलं. त्यांनी समोरच कार्ड बंद केलं. पगार पडला त्या दिवशी सकाळी मी स्लिप भरून सगळे पैसे काढले. पदराखाली धरून बाहेर आले आणि तशीच कामावर गेले.

दुपारी त्याने मला तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये बोलावलं. फिनाईलचे कॅन, ओले पोछे, आणि मध्ये तो.

“कार्ड चालत नाही तुझं.”

“मी बंद केलं.”

“माझे पाच आण.”

“कशाचे?”

“कामाला कुणी लावलं तुला?”

“तुम्ही लावलं. त्याचे पैसे तुम्हाला दवाखाना देतो. फरशी मी पुसते, तिचे मला.”

“उद्यापासून येऊ नको.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. अंगठ्याच्या मशीनने मला ओळखलं नाही, रात्रीतून नाव काढलं होतं. मी गेटच्या आत निंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. एकेक बाई आली, माझ्याकडे बघून आत गेली. शेवटी अक्का आल्या. अक्का आमच्यात सगळ्यात जुन्या, भडगावकडच्या, बोलणं अजून गावचंच. त्यांच्यामागे कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

“कसाले बठनी इथे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, मग डबा बाकावर ठेवून शेजारी बसल्या. म्हणाल्या, “मना बी पगार मना शे.” त्यांचाही पगार त्यांचाच, एवढंच. पण आत गेलेल्या बायका खिडकीतून बघत होत्या. दोघी बाहेर आल्या, मग आणखी. काही आल्या नाहीत. त्यांची नावं मी तेव्हाही घेतली नाहीत, आताही घेणार नाही.

थोड्या वेळाने प्रसूती वॉर्डातली सिस्टर धावत आली. एका बाईला खूप रक्त गेलं होतं, खोली तशीच होती, दुसरी बाई कळा देत बाहेर ताटकळत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिची काय चूक? मी अक्कांना म्हटलं, “तेवढी खोली करून या.” अक्का गेल्या, खोली लख्ख करून आल्या, हात धुतले आणि पुन्हा बाकावर बसल्या.

मग मॅनेजरसाहेब उतरले. आम्ही आमची कार्डं मागितली. “हे बघा, तुमचा आमचा संबंध नाही. तुम्ही ठेकेदाराची माणसं. त्याच्याशी बोला.”

मी बसल्या जागेवरून म्हटलं, “घाण तर ठेकेदाराची नाही, साहेब. तुमचीच आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. पण ओपीडी भरत चालली होती, पेशंटचे नातेवाईक संडासातून परत फिरत होते. त्यांनी बाजूला जाऊन फोन लावला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ठेकेदार आला तेव्हा घामाने डबडबला होता. गठ्ठा त्याने बाकावर टाकला. “घ्या तुमचं सोनं.”

अक्कांनी रबर काढलं. कुणाचं कुठलं कार्ड ते मी वाचून सांगितलं. अक्का आपलं कार्ड उलटंपालटं करून बघत होत्या. “हाई मनं शे?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते हातात धरलंच नव्हतं. मशीनमध्ये माझा अंगठा पुन्हा चढला आणि आम्ही कामाला लागलो. मजला फार खराब झाला होता.

सगळं गोड झालं असं नाही. काही बायका नंतरही कितीतरी महिने त्याला गुपचूप पैसे देत राहिल्या. मला राग यायचा. एकीला मी टाकून बोललेही. ती म्हणाली, “तुझा नवरा कमावतो, माझा पितो.” पुन्हा मी तिला टाकून बोलले नाही. आणि माझी बदली त्याने पिवळ्या-लाल पिशव्यांच्या खोलीत केली, जिथे ऑपरेशनचा कचरा येतो. त्याला वाटलं, वासाने पळून जाईल. मी जाड हातमोजे मागितले. पहिल्यांदा दिले नाहीत. मोजे मिळेपर्यंत मी पिशवीला हात लावला नाही. पिशव्या साचल्या, वास वर ओपीडीपर्यंत गेला, आणि मोजे आले.

पहिल्या पूर्ण पगारातून सासूबाईंना चष्मा केला. तो लावून त्यांनी शेजारणीला सांगितलं, “सून दवाखान्यात सफाईला आहे. बारा हजार मिळतात.” आवाज जरा जास्तच मोठा होता. मी आत भाकरी थापत होते, ऐकत राहिले.

आता आम्ही फंडाचं विचारतोय. दर महिन्याला कापतात म्हणे, कुठे जातो ते कुणी सांगत नाही. मॅनेजरसाहेब म्हणतात, सोमवारी या. मागच्या सोमवारी गेलो, ते नव्हते. या सोमवारी अक्का डबा घेऊनच येणार आहेत.