कोठीवाल्या चाचांची तारीख

रिसोडच्या बाजारात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करणारे आमचे चाचा नवी कोठी गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः तिच्यात शिरून बसत आणि वरून झाकण लावायला सांगत. आतल्या अंधारात कुठे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला, की तिथे आतूनच टकटक करत. मग बाहेर येऊन तो सांधा पुन्हा डाग देऊन बुजवत. शेजारी माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं आणि बोलणारी कोठी बघत तिकडेच उभं राहायचं.

"माह्या हातचा सांधा दुसऱ्यांदा उघडत नाई," हे त्यांचं ब्रीद. केनवडच्या एका शेतकऱ्याची कोठी ओल धरून परत आली, तेव्हा त्यांनी ती दुरुस्त केली नाही. भर बाजारात हातोडीनं चेपून टाकली आणि नवी करून दिली. अभिमान असा, की सांगता सोय नाही.

मग त्यांच्या यकृतात निंबोळीएवढी कॅन्सरची गाठ निघाली. ब प्रकारची कावीळ कित्येक वर्षं अंगात दडून होती, तिचा हा प्रताप. लवकर सापडली हे नशीब. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बरगड्यांतून सुई घालून गाठ उष्णतेनं जाळली. मी सोबत होतो. डॉक्टरांनी बजावलं, की गाठ गेली, पण काविळीचा विषाणू आहे तिथेच आहे. नवी गाठ उठू नये म्हणून रोज गोळी घ्यायची आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं. चाचा मान डोलवत होते. मला वाटलं, पटलं.

कसलं पटतंय. डाग दिलेला सांधा रोज चाचपायचा म्हणजे कारागिराचा अपमान, हा आपल्या धंद्याचा कायदा त्यांनी डॉक्टरला लावला. चाची रोज हातावर गोळी ठेवत आणि हे ती भट्टीच्या निखाऱ्यांत टाकत. मी एकदा पाहिलं आणि रागावलो, तर म्हणाले, "एकदा जाळली ना भाऊ? मंग कायले?"

पुढे जुन्या जागेपासून दूर दुसरी गाठ उठली. तीही जाळली. या वेळी मात्र चाचा गोळी नेमानं घेऊ लागले, पण हसणं सुटलं. तपासणीच्या तारखेपलीकडचं काम घेईनात. लेकीकडे जालन्याला जाऊन या म्हटलं, तर तारीख झाल्यावर पाहू म्हणत. तारीख झाली, की पुढची असायचीच. एकदा रिपोर्ट चांगला आला म्हणून मी पेढे नेले. पेढा त्यांनी नुसता हातात धरला.

"जमानत भेटली भाऊ," ते म्हणाले, "सुटका नाई."

पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून मी दुकानात येऊन बसलो.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. थोरल्या मुलाच्या, रफिकच्या अंगात तीच कावीळ निघाली. तो काही ऐकेना. धडधाकट आहो, दवाखान्यात कायले जाऊ, म्हणाला. चाचांनी हातोडी खाली ठेवली. "मी बी हेच म्हनत होतो." पहिल्या तपासणीला त्यांनी त्याला स्वतः एसटीत बसवून वाशीमला नेलं. तिशीतला बाप्या, पण पोरासारखा हात धरून.

तिसऱ्यांदा गाठी इतक्या होत्या, की जाळण्याचा इलाजच उरला नाही. सोयाबीन निघायच्या दिवसांत चाचा गेले. तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआला घर पाहुण्यांनी भरलं आणि रफिकचाच पत्ता नाही. सकाळच्या एसटीनं तो वाशीमला सोनोग्राफीला गेला होता. बापाची जियारत सोडून पोरगा दवाखान्यात जातो म्हणजे काय, अशी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे पाहुणे तर मोठ्यानंच बोलले.

तेव्हा पडद्याआडून चाचींचा आवाज आला.

"त्याले कोनी बोलू नका. जाताना कलमा पढाच्या आधी यायनं एवढंच सांगतलं, माह्यासाठी पोराची तारीख चुकवू नका."