गॅसआप्पांची चालती वीज

हिंगोलीच्या विजेचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर पहिले पान गॅसआप्पांना द्यावे लागेल. गावाला प्रकाश मिळावा म्हणून या माणसाने आयुष्य वेचले, असे त्या पानावर लिहिले तर ते खोटे होणार नाही. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरी आयुष्यभर रॉकेलची चिमणी जळत होती, एवढे तळटिपेत घालावे लागेल. दुकानात गॅसबत्त्या ओळीने टांगलेल्या असत. त्यांचे पितळ असे घासलेले, की त्यात बघून भांग पाडावा. आणि त्यांच्याखाली आप्पा चिमणीच्या उजेडात डोळे बारीक करून कुठल्यातरी पंपाचा वायसर बदलत बसलेले. कोणी हसले तर म्हणत, "हलवायाची लेकरं रोज पेढे खाऊन राहिली, तर गिऱ्हाइकाला काय द्यावं?"

त्या काळी गॅस म्हणजे पंप मारून पेटवायची ही रॉकेलची बत्तीच. लग्न, भजन, तमाशा, मयतीनंतरचे कीर्तन, काहीही असो, उजेड आप्पांकडून भाड्याने जायचा. दुकानावर पाटी होती. गाव तेव्हा हैदराबाद संस्थानात, म्हणून वर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिले होते : 'जुनी व मशहूर नागनाथ गॅस आणि बिजली कंपनी'. ही पाटी दुकान उघडले त्याच दिवशी लागली. त्या दिवशी कंपनीत आप्पा, एक बत्ती आणि त्या बत्तीचे खोके एवढेच होते. मी शेजारच्या गल्लीत राहणारा, सरकारी शाळेतला नवा मास्तर. मी भाबडेपणाने विचारले, "आप्पा, कंपनी आजची, मग जुनी कशी?"

"रंग वाळू द्या मास्तर. होतीच जुनी."

"आणि बिजली?"

"आज ना उद्या येणारच हाय. पेंटरला दुसऱ्यांदा काहून तकलीफ द्यायची?"

पुढे कैक वर्षे ती कंपनी गावाला नुसता गॅस पुरवत राहिली आणि बिजली पाटीवर वाट बघत राहिली.

बत्ती पेटवणे हे काम आप्पा दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. आधी स्पिरिट, मग पंप, मग ती पांढरी जाळी निळी होते, फुरफुरते आणि एकदम भक्कन उजेड पडतो. तेवढ्या वेळात मांडवात कोणी बोललेले त्यांना खपत नसे. उजेड पडला की आपल्याकडे माणसे आपोआप हात जोडतात. तो नमस्कार दिव्याला असतो हे आप्पांना पक्के ठाऊक होते, पण उभे राहण्याची जागा त्यांनी अशी हेरलेली असे, की निम्मा त्यांना पोचावा. तो निम्मा नमस्कार ते मान किंचित लववून स्वीकारत.

लग्न कसे झाले, हे तेव्हा बत्त्यांवरून ठरे. जेवणावळीची चर्चा दोन दिवस टिकायची, बत्त्यांची दोन पिढ्या. त्यामुळे कोणाच्या लग्नाला किती बत्त्या शोभतील याचा निकाल आप्पांकडे होता, आणि तो निकाल ते न मागता देत. कुरुंद्याच्या एका हळदवाल्याने ऐपतीपेक्षा जास्त बत्त्या मागितल्या, तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "इतक्या उजेडात पाव्हण्यांना तुमचा मांडव बी दिसंल की! कमी न्या." उलट सेनगावकडच्या एका तांड्यावरचा म्हातारा लेकीच्या लग्नासाठी एकच बत्ती मागायला आला, तर त्याच्या गाडीत त्यांनी दोन ठेवल्या. दुसरी कशाला, असे त्याने घाबरून विचारले. आप्पा खेकसले, "ती कंपनीच्या जाहिरातीची हाय. निघा आता."

मग आप्पा एकदा मेंटल, म्हणजे बत्त्यांच्या त्या पांढऱ्या जाळ्या, आणायला हैदराबादेला गेले आणि विजेचा दिवा बघून आले. हैदराबादेत त्यांनी दुसरे काय पाहिले ते आम्हाला कधीच कळले नाही. चारमिनारबद्दल विचारले तर म्हणाले, "हाय. पन त्याच्या खालचे दिवे..." एका हॉटेलात त्यांनी स्टुलावर चढून विजेच्या दिव्याला फुंकर मारून पाहिली होती. "इझत न्हाई!" हे ते महिनाभर सांगत होते. त्यांच्या पत्नी जिजी, ज्यांची जीभ गॅसच्या पिनेपेक्षा टोकदार होती, त्या माजघरातून म्हणत, "फुंकर मारून दिवा इझत न्हाई तर ह्यांना अप्रूप. मी रोज डोकं फोडून राहिले, हे बी इझत न्हाईत."

वर्षाभरात आप्पांनी मागवलेले एक तेलावरचे इंजिन आणि एक डायनामो रेल्वेने हिंगोली स्टेशनवर उतरले. ते चालवायला परभणीहून बाबूमियाँ आले, पानाचा तोबरा भरलेले आणि सबुरीचे. परसात इंजिन सुरू झाले तेव्हा गल्लीतली कुत्री गावाबाहेर गेली. डायनामोच्या टोकाला एक दिवा लालसर, लाजल्यासारखा लागला. जिजींनी हातातले सूप खाली ठेवून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "उजेड मूठभर अन् बोंब गावभर."

आप्पांना मात्र आता एकच ध्यास लागला. स्टेशनपासून बाजारापर्यंत खांब रोवायचे, तारा ओढायच्या आणि पाटीवरचा तो शब्द खरा करायचा. त्यासाठी तहसिलीची परवानगी हवी होती. अर्ज उर्दूत लागे आणि माझे उर्दू बरे, म्हणून तो मी लिहिला. तहसीलदारसाहेब सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "कागज पे तो सब रोशन है, आप्पा. एक बार करके दिखाओ." गावच्या देशमुखांच्या मुलाचे लग्न तोंडावर होते आणि साहेबांना त्याचे आमंत्रण होते. तिथेच दाखवतो, असे आप्पांनी कबूल केले. दाखवता आले तर खांब, नाही तर पाटी नुसतीच पाटी, हे त्यांना कळत होते. त्या पंधरवड्यात ते जेवताना सुद्धा उठून परसात जाऊन इंजिनाला हात लावून येत.

अडचण एकच होती. आमच्याकडे लग्नाआधी परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, आणि त्याच्या पुढे माणसे डोक्यावर बत्त्या घेऊन चालतात. उजेड नवरदेवाच्या पुढे चालला पाहिजे ही रीत. वीज तर तारेला बांधलेली. दुसऱ्या कोणी मांडवात दिवे लावले असते आणि परण्याला गॅस दिले असते. मी तसे सुचवलेही.

"मास्तर," आप्पा दुखावल्या आवाजात म्हणाले, "साहेब परण्यात चालणार, अन् मी त्यायच्या म्होरं गॅस धरू? वीज चालंल."

"कशी?"

"आपन चालतो तशी. पायानं."

त्यांनी इंजिन आणि डायनामो बैलगाडीवर चढवले. गाडीपासून तारा काढून उंच बांबूंना दिवे बांधले आणि ते बांबू बत्त्या वाहणाऱ्या गड्यांच्या हातात दिले. बाबूमियाँनी एकदाच तोंड उघडले. "आप्पा, इंजन की आवाज से बैल बिदकते. नक्को." आप्पांनी बैल सोडून गाडीला माणसे जुंपली. देशमुख बघायला आले, चहूबाजूंनी फिरले आणि म्हणाले, "आप्पा, समदं ठीक हाय, पन मुहूर्त चुकला तर व्याही मला गावात राहू देनार न्हाई."

"मुहूर्ताच्या आधी पोचवतो. जबान दिली."

दिवेलागणीला वेशीपाशी इंजिन सुरू झाले. बांबूंवरचे दिवे लागले आणि खरे सांगायचे तर सगळ्या गावाने आ वासला. गच्चीवरच्या बायका एकमेकींना हाका मारू लागल्या. तहसीलदारसाहेब पुढे, त्यांच्या बाजूला आप्पा, मागे धडधडणारी गाडी, आणि गाडीमागे वाजंत्री, ज्यांचे फक्त गाल फुगताना दिसत होते. सनईवाल्याने थोड्या वेळाने सनई काखेत मारली. आप्पांनी सगळ्याचा विचार केला होता. माणसांचा, बैलांचा, तारांचा, उताराचा. घोड्याचा राहिला होता.

घोड्याने इंजिनाचा पहिला फटका ऐकला आणि चारही पाय जमिनीत रोवले. त्याला ओढले, ढकलले, गूळ दाखवला. पण पुढे इंजिनाच्या आवाजात मागचा ओरडा कोणाला ऐकू जाणार? आणि झगझगीत उजेडात चालणाऱ्याला पाठीमागचा अंधार दिसत नाही. परण्या दिमाखात मारुतीपुढे पोचला. पुजारी आरतीचे तबक घेऊन पुढे आला आणि थांबला. साहेबांनी मागे वळून पाहिले. मग अत्यंत मृदू आवाजात विचारले, "आप्पा, बिजली तो माशाल्ला अच्छी है. मगर दूल्हे मियाँ किधर हैं?"

दूल्हे मियाँ वेशीपाशी काळोखात घोड्यावर बसले होते. आप्पा तिकडे धावत सुटले. त्यांना तसे पळताना मी पहिल्यांदा पाहिले, आणि त्या वेळी मला हसू आले नाही. पण ते अर्ध्यात पोचतात न पोचतात तोच समोरून फुरफुरत पाच-सहा गॅस येताना दिसले. त्यांच्या मागे घोडा शहाण्यासारखा चालत होता आणि सगळ्यांपुढे पदर खोचलेल्या जिजी. त्यांनी दुपारीच बत्त्या भरून, पुसून ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या.

"तुमाला कसं कळलं?" आप्पांनी धापा टाकत विचारले.

"मला काय कळायचंय? मी त्या इंजनाशेजारी निजते. घोड्याचं मन मला ठाव हाय."

मुहूर्त गाठला. देशमुखांची अब्रू राहिली. आप्पांच्या अर्जावर साहेबांनी शेरा मारला, 'ज़ेरे ग़ौर'. म्हणजे विचार चालू आहे. सरकारी विचार हा आमच्या घोड्यासारखाच, एकदा थांबला की थांबला. आप्पा लोकांना सांगत, "साहेब म्हनाले, बिजली अच्छी हाय." पुढचे वाक्य ते सांगत नसत आणि आम्हीही आठवण देत नसू.

मग संस्थानातले ते लुटालुटीचे, जाळपोळीचे वाईट वर्ष आले. दिवस मावळायच्या आत दारे लागू लागली. लग्ने भर दुपारी, वाजंत्रीशिवाय उरकू लागली. दिवा लावणे म्हणजे आपण कुठे आहोत ते सांगणे, असे झाले. बरीच घरे संस्थानाच्या हद्दीबाहेर, वाशिमकडे निघून गेली. जिजींचे भाऊ दोघांना न्यायला आले, तर आप्पा हलेनात. "इंजन घेऊन कुटं पळू?" जिजींनीही गाठोडे सोडले. मला म्हणाल्या, "इंजनाला सोडून हे येईनात, अन् ह्यांना सोडून मी जाईना. म्हंजे घरचा कर्ता इंजनच झालं म्हना." त्या दिवसांत आप्पा बंद दाराआड रोज बत्त्यांचे पितळ घासत. कोणासाठी, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "लोक काय जन्मभर दुपारीच लग्नं करतील व्हय?"

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हैदराबादचे संस्थान गेले, राज्य बदलले. नवे अधिकारी आले, जुनी दप्तरे उघडली, आणि आप्पांचा विचार चालू असलेला अर्ज पुन्हा खरेच चालू लागला. थंडी पडेपर्यंत स्टेशनपासून बाजारापर्यंत लाकडी खांब उभे राहिले. आप्पा आता वाकले होते. प्रत्येक खांबापाशी थांबत, त्याला थोपटत आणि पुढे जात. लोकांना वाटे ते खांबाची तपासणी करतात. ते दम खात असत.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांची परतीची गाडी दुपारची होती, म्हणून समारंभ भर दुपारी बाजारात ठेवला. इंजिन सकाळपासून सुरू. भाषणे झाली. स्वातंत्र्यावर झाली, प्रकाशावर झाली, एका वक्त्याने उपनिषदांपर्यंत मजल नेली. शेवटी पाहुण्यांनी बटण दाबले आणि वर पाहिले. डोक्यावर लखलखीत ऊन. दिवा लागला की नाही, कोणालाच सांगता येईना. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पाहुण्यांनी हळूच विचारले, "लागला का?"

आप्पा पुढे झाले. खुर्ची ओढून तिच्यावर चढले. बाबूमियाँनी त्यांना खालून धरले. आप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला, दिव्याभोवती त्याची खोळ केली आणि पाहुण्यांना म्हणाले, "या, साहेब. आत बघा." पाहुणे दुसऱ्या खुर्चीवर चढले, रुमालात डोके घातले आणि आतूनच म्हणाले, "हो, हो! आहे!" बाजार टाळ्यांनी दणाणला. मग लोकांनी रांग लावली. एकेकाने खुर्चीवर चढून रुमालातली वीज पाहिली. जिजी शेवटी चढल्या. बराच वेळ डोके आत ठेवून उतरल्या. आप्पांना फक्त एवढेच म्हणाल्या, "बरा हाय की." इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या धंद्याबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. आप्पा खुर्चीवरून उतरायचेच विसरले.

त्यानंतर लवकरच माझी बदली झाली आणि आप्पा गेल्याचे मला परगावी कळले. शोकसभेत म्हणे एका वक्त्याने सांगितले, की त्या ऐतिहासिक दिवशी आप्पांनी सारी हिंगोली उजळून टाकली. मी तिथे असतो तर दुरुस्ती सुचवली नसती. पण त्या संध्याकाळी बाजारातून मी कंदील घेऊन घरी गेलो होतो. इंजिनातले तेल दुपारी भाषणे चालू असतानाच संपत आले होते, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत जेमतेम पुरले.