चाचांची उलटी जीप

आमच्या शेजारचे चाचा घरी आले की दारापर्यंत यायचे, थांबायचे आणि मग उगाचच जीप हातभर मागे घ्यायचे. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला गाडी लावता येत नाही. वाटू दे की!

कापडाचं दुकान मुलांच्या हवाली करून त्यांनी ही फोर-व्हील जीप घेतली आणि तिच्या पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणाऱ्या हबचं कौतुक सगळ्या मोहल्ल्याला ऐकवून कान किटवले. आधीच्या जीपला चिखलात खाली उतरून दोन्ही चाकांवरची चकती हाताने फिरवावी लागायची. हिच्यात बसल्या जागी दांडा ओढायचा. इंजिनाचा जोर पुढे पोचला की हब चाकाला आपोआप धरतो. चांगला रस्ता लागला की दांडा परत टाकायचा आणि गाडी जरा मागे घ्यायची, म्हणजे तो सोडतो. बिडकीनकडे त्यांचं शेत. आसपास प्लॉट पडत होते, रस्ते उकरलेले, त्यामुळे हे धरणं-सोडणं रोजचंच. "सिमेंटच्या गल्लीत कशाला मिरवता?" असं माझे अप्पा चिडवायचे.

माझं लग्न ठरलं ते नेमकं दुष्काळात, दौलताबादजवळच्या आमच्या गावी. विहिरीत ठणठणाट. लग्नाच्या सकाळी पाण्याचा टँकर आला आणि नाल्याच्या पलीकडेच थांबला. नाल्यात नुसती वाळू; उतरलो तर रुतलोच, असं म्हणून ड्रायव्हर हटेना. वऱ्हाड निघालेलं, आचारी रिकाम्या पातेल्यांपुढे बसलेला. पाहुण्यांना प्यायला पाणी नाही, या विचाराने मी हळदीच्या अंगानिशी रडत होते.

चाचांनी जीपची मागची सीटं काढली, रिकामे ड्रम घातले आणि दांडा ओढून नाला पार केला. येताना मात्र भरल्या ड्रमांनी चाकं वाळूत फिरायला लागली. माझे मामेभाऊ धावले आणि नेहमीसारखी गाडी पुढं-मागं झुलवू लागले. चाचांनी त्यांना झापलं.

"झुलवू नका रे. दिशा बदलली की हब सुटतो. पाठीमागून, एकाच बाजूनं लावा जोर."

मग मामेभाऊ, अप्पा, आचारीसुद्धा मागे लागले. जीप कण्हत कण्हत काठावर चढली आणि ताशेवाल्यांनी नवरदेव यायच्या आधीच ताशा बडवला! मग पातेली काठोकाठ भरेपर्यंत खेपा चालल्या. अप्पांनी वाळूने माखलेल्या चाचांना सगळ्यांदेखत मिठी मारली. तेव्हापासून चिडवणं बंद.

निरोपाच्या वेळी चाचांनी माझ्या नवऱ्याचा हात धरला. "बेटा, जड रस्ता आला की एकमेकांना धरा. आणि भांडण झालंच, तर थांबायचं, जरा मागं यायचं. आपोआप सुटतंय."

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची लई आठवण येते. परवा आमचं कडाक्याचं वाजलं. मी तावातावाने बोलतेय, आणि नवरा मध्येच थांबला. मग माझ्याकडे बघत, स्वयंपाकघरातून तसाच उलटा चालत दारापर्यंत गेला.

मला हसू फुटलं. म्हटलं, "या आता, सुटला हब."