जुनं चित्र नव्या पानात बसवणारे दत्तात्रय सर

आधी तक्रार. या गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला निरोप धाडला, "आक्का, लेख द्या, पण सरांचं चांगलं तेवढंच लिहा. मागच्या भांडणाचं काही नको." ते भांडण काढून टाकलं तर माझ्याकडं लिहायला उरतं काय? आणि त्या भांडणात वाईट वागले ते सर न्हाईत, मी वागले. माझं वाईट मला लिहू द्यायला तुमच्या पदरचं काय जातं? झाली तक्रार. आता सगळ्यांना नमस्कार.

मी चौथी शिकलेली बाई. अक्षर वाकडं आहे, अर्थ सरळ आहे. दत्तात्रय सर साठ वर्षं पूर्ण करतायत. धाराशिवला कॉलेजात त्यांनी पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवला, त्याबद्दल त्यांचे विद्यार्थी लिहितील. मी शेळ्यांबद्दल लिहिते.

बेंबळीच्या अलीकडं आमची वस्ती. तिथं आम्हा शेळ्या पाळणाऱ्या बायकांची संस्था आहे. कोणाच्या शेळीला कधी लस द्यायची, याची नोंद मोबाइलवर ठेवायचं ठरलं, तेव्हा सर पहिल्यांदा आले. एसटीतून उतरून उन्हात चालत आले. गोठ्यापाशी बसले आणि विचारलं, "या सगळ्याच काळ्या. कोणती कोणाची, कसं ओळखता तुम्ही?"

माझी शेजारीण गयाबाई तोंडाची फटकळ. म्हणाली, "सर, तुमी घरी बायकोला नंबर बघून वळखता व्हय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरही हसले, आणि तेच वाक्य त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मग दिवसभर ते शेळ्यांचे कान, शिंगं, गळ्याखाली लोंबणारी बोंडं बघत बसले. गयाबाईच्या एका शेळीच्या कानावर पांढरे थेंब होते, ते त्यांनी कागदावर चितारून घेतले. महिन्याभरानं मोबाइलवर शेळीचं चित्र आलं. कानाला बोट लावलं की कानाचे प्रकार यायचे, शिंगाला लावलं की शिंगाचे. दोन-तीनदा बोट लावलं की आपली शेळी पुढं उभी. ज्यांना अंगठाच माहीत, त्या बायकाही नोंद करायला लागल्या. सरांनी या कामाचं कोणाकडून काही घेतलं न्हाय. जेवायला बसवलं तर भाकरी मागून घ्यायचे, एवढंच.

बरीच वर्षं ते चाललं. मग संस्थेनं या नोंदीसाठी नवी वेबसाइट करायची ठरवली. काम घेतलं स्नेहलनं, सरांच्याच हाताखाली शिकलेली हुशार मुलगी. नव्या पानावर चित्र नव्हतं. शेळीच्या कानातल्या बिल्ल्यावर जो लांबलचक नंबर असतो, त्याची यादी होती. आपला नंबर बघायचा, दाबायचा.

बैठकीला सर आले. आमच्या अध्यक्ष सुमनताईंची परवानगी घेऊन बोलायला उभे राहिले. म्हणाले, "नवं जरूर करा. पण ते चित्र राहू द्या. मी केलंय म्हणून म्हणत नाही, बायकांचा हात त्यावर बसलाय म्हणून म्हणतो."

त्यावर बोलले मी. "सर, चित्र जुनं झालंय आन तुमीबी. दोघांनी आता बाजूला सरा."

लई हशा झाला. सरांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. "बरं आक्का," म्हणाले आणि बसले. चित्र काढून टाकायला हात वर झाले, त्यात पहिला माझा.

मी असं का बोलले, ते आज लिहिते. वस्तीतल्या शेळीवाल्या बायकांत आकडे वाचता येणारी मी एकटी. चित्रापुढं मी आणि गयाबाई सारख्याच होतो. नंबरापुढं मी शिकलेली ठरणार होते. एवढंच कारण. दुसरं काही शोधू नका.

पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्यायची असते. कोवळं गवत खाऊन तो रोग होतो आणि शेळी बघता बघता जाते. कोणाच्या कोणत्या शेळीला लस हवी, ते नव्या पानावर भरायचं होतं. गयाबाई मोबाइल घेऊन माझ्या दारात आली. "आक्का, तेवढं दाबून द्या की."

मी म्हणाले, "वाचायला शीक आता. रोज कोण दाबून देणार?"

ती गेली. तिनं आणि तिच्यासारख्या सगळ्यांनी यादीतला पहिला नंबर दाबला. दाबला की पान हिरवं व्हायचं. हिरवं झालं म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. तो पहिला नंबर माझ्या शेळीचा होता, आणि माझ्या बाकीच्या मी नीट भरल्या होत्या. कागदावर अख्ख्या वस्तीत शेळ्या राहिल्या फक्त माझ्या. डॉक्टर तेवढ्याच शेळ्यांची लस बर्फात घालून घेऊन आले, माझ्या शेळ्यांना टोचली आणि पुढच्या गावाला गेले. "बाकीच्यांचं पुन्हा बघू," म्हणाले. ते पुन्हा यायच्या आधी गवत आलं.

गयाबाईच्या सगळ्या शेळ्या चार दिवसांत गेल्या. कानावर थेंब असलेलीही गेली. माझ्या चरत होत्या.

सरांना कोणी बोलावलं न्हाय. ऐकून स्वतः आले. मला वाटलं, आता मला चार शब्द सुनावतील. त्यांनी स्नेहलला बोलावून घेतलं आणि माझ्याच ओसरीत दोघं लॅपटॉप घेऊन बसले. जुनं चित्र नव्या पानात बसवायचं होतं. ते बसेना. चित्र यायचं आणि नवं पान जरा हललं की पुसून जायचं. स्नेहलनं सांगितलं, नवं पान स्वतःला सारखं नव्यानं मांडतं आणि आपलं नसलेलं काढून टाकतं. कधी चित्र राहिलं तर एकदा बोट लावलं की नोंद दोनदा पडायची. त्यात ते चित्र चालवायला बाहेरच्या कोणीतरी केलेला तयार कोड होता. त्याला ते लायब्ररी म्हणतात. पुस्तक एक न्हाय त्यात. त्या लायब्ररीचं आणि नव्या पानाचं पटत नव्हतं.

"सर, नवीनच काढू का चित्र?" स्नेहलनं विचारलं.

"नको. बायकांची बोटं याच चित्राला ओळखतात."

मी चहा ठेवत होते. राहवलं न्हाय म्हणून बोलले, "आई मेलेलं करडू दुसरी शेळी पाजत न्हाय, लाथ घालती. मग आमी तिचंच दूध काढून करडाच्या पाठीला, शेपटीला चोळतो. ती हुंगती आन आपलं समजून उभी ऱ्हाती. करडू तेच असतंय."

सरांनी कप बाजूला ठेवून विचारलं, "आणि पिऊन झालं की?"

"बाजूला काढायचं, बांधून ठिवायचं. मोकळं सोडलं तर तिचं स्वतःचं पोर उपाशी."

"स्नेहल, ऐकलंस? चित्राला हात लावायचा नाही. वरून पातळ वेष्टण घालायचं, ते नव्या पानाच्या भाषेत बोलेल. आत एक कोपरा चित्राचा, तिथं पानानं ढवळायचं नाही. आणि पान बंद होताना चित्र नीट उचलून घ्यायचं. आपण उचलत नव्हतो, जुनं मागं राहत होतं, म्हणून नोंद दोनदा पडत होती."

दोन दिवसांत चित्र बसलं.

पुढच्या बैठकीत सर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. हे चित्र उचलून दुसरीकडं कसं ठेवायचं, ते मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. स्नेहलकडं काहीच नव्हतं, तिला दोष देऊ नका." आणि लिहून आणलेली वही त्यांनी तिच्या हातात दिली. तेव्हा मी पुढच्याच रांगेत बसले होते. उठून "चूक सरांची न्हाय, माझी" एवढं म्हणायचं होतं. तोंड एरवी थांबत न्हाय माझं, त्या दिवशी थांबलं. नंतर एकदा बसस्टँडवर गाठून सांगायला लागले, तर सरांनी विचारलं, "आक्का, दूध चोळून पाजलं त्या करडाचं काय झालं, जगलं का?" जगलं म्हणाले. एसटी आली, ते गेले.

म्हणून आज लिहून देते. सर, "दोघांनी आता बाजूला सरा" हे वाक्य मी मागं घेते. उशीर झालाय. गयाबाईनं पुन्हा शेळी बांधली न्हाय. बैठकीला येते, मागं बसते, फटकळ बोलत न्हाय. चित्रातल्या कानावर तिच्या शेळीचे थेंब अजून आहेत. ते दिसले की मी दुसरीकडं बघते.

सर आता नोकरीतून मोकळे होऊन लेकीकडं राहायला जाणार. त्यांचे डोळे पहिल्यासारखे राहिले न्हाईत, पडद्यापुढं फार बसवत न्हाय. सर, भरपूर जगा, पाय चालते राहू द्या, डोळ्यांत औषध वेळेवर घाला आणि कोणी बोलावलं तरी लगेच निघू नका.

कारण पुढल्या वर्षी वेबसाइट पुन्हा बदलायची चर्चा सुरू झालीय. ती बाहेरची लायब्ररी तिच्या मालकांनी सांभाळायची सोडून दिलीय, असं स्नेहल सांगते. म्हणजे चित्र पुन्हा निघणार किंवा पुन्हा बसवावं लागणार. ते ठरवताना नंबर न वाचता येणाऱ्या बायकांना आधी विचारणार कोण, आणि चित्र सांभाळणार कोण? हा माझा प्रश्न सत्काराच्या कार्यक्रमात मोठ्यानं वाचायचा. सरांनी उत्तर द्यायचं न्हाय. सवयीनं उठतील, त्यांना खाली बसवा. स्नेहलकडंही बोट दाखवायचं न्हाय. सुमनताई, अध्यक्ष तुम्ही आहात. तुम्ही उठा, मागच्या रांगेत गयाबाई बसली असेल, तिच्याकडं बघा आणि उत्तर द्या.