एक्केचाळिसावं पाकीट

प्रफुल्ल जाधव परळच्या एका रुग्णालयात भूलविभागाचा तंत्रज्ञ होता. सकाळी सर्वांआधी येऊन भुलीचं यंत्र तपासायचं आणि त्यात औषध भरायचं. तेच वाफ होऊन रोग्याच्या श्वासात जाई. एकतीस वर्षं हेच काम.

वर्षभर तिथे एक अभ्यास चालू होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेत काहींना श्वासावाटे हा वायू द्यायचा, काहींना शिरेतून भूल. कोणाला काय, ते नंबर घातलेलं बंद पाकीट ठरवी. वायूमुळे हृदय थोडा वेळ रक्तावाचून तग धरायला शिकतं, असं काही डॉक्टर म्हणत. खात्री कोणालाच नव्हती. प्रफुल्लला होती.

एक्केचाळीस नंबर सीताराम परबांचा निघाला. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोघांच्या खोल्या शेजारी, दोघेही विधुर. संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचं, एवढाच प्रफुल्लचा गोतावळा.

आदल्या दिवशी वॉर्डात सीताराम म्हणाले, "तू असतलस मा थंय?"

"असणार ना."

"मगे बरा. मी उठलंय नाय तर माझी खुर्ची वापर."

सकाळी प्रफुल्लने पाकीट फोडलं. शिरेतून. त्याने नियम मोडून बेचाळिसावंही फोडलं. वायू. तो नंबर शिवडीच्या मीराबाईंचा, त्याच दिवशी दुपारी. चिठ्ठ्या सारख्याच, बदलल्या तर कोणाला कळणार होतं? त्याने बदलल्याही. मग त्याला आठवलं, काल कवळी काढून ठेवायला सांगायला गेला, तेव्हा मीराबाईंनीही हेच विचारलं होतं, "उद्या तुम्ही असाल ना हो?" त्यांच्यासोबत कोणी नव्हतं.

भूलतज्ज्ञ डॉ. अक्षदा आत आल्या, तेव्हा चिठ्ठ्या पुन्हा आपापल्या पाकिटात होत्या.

"मॅडम, बेचाळीसही माझ्याकडून उघडलं गेलं."

"उघडलं गेलं की उघडलं?"

"उघडलं."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "काका, हे मला वर कळवावं लागेल. आणि परब तुमचे शेजारी ना? तुम्ही आज बाहेर थांबा."

चार तास तो नातेवाइकांच्या बाकावर बसला. त्या बाकावर तो प्रथमच बसत होता. आपण शेजाऱ्याचा जीव नियमापायी घालवला, असं त्याला सारखं वाटत राहिलं.

सीताराम शुद्धीवर आले. हृदय छान चालत होतं. मीराबाईही बऱ्या झाल्या.

पण तीन जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. मनाली, सीतारामांची मुलगी, त्यांना रुग्णालयातूनच बदलापूरला घेऊन गेली. खोलीला कुलूप लागलं.

आता रविवारी फोन येतो.

"हय लिफ्ट आसा," सीताराम सांगतात. "छातीत काय एक त्रास नाय."

"बरं झालं."

मग दोघेही गप्प. गॅलरीत तासन्‌तास असेच गप्प बसत, तेव्हा काही वाटत नसे. फोनवर ते दोघांनाही जड जातं.

"ठेवू मगे?"

"ठेवा."