तोरणाखालची चार मिनिटं

पडद्यावर माझा बाप पडला. मग उलटा उठला. मग पुन्हा पडला.

आदिलाबादच्या कॉलेजातली डिजिटल क्लासरूम. खिडक्यांना काळे पडदे, वर प्रोजेक्टर, समोर भिंतीएवढा पांढरा पडदा. लॅपटॉपपाशी विक्रांत बसलेला. तो माउसनं फिल्म मागे ओढायचा आणि सोडायचा. मागे ओढली की बाप मातीतून उठून उभा राहायचा, त्याच्या छातीवरची लाथ मारणाऱ्याकडे परत जायची. सोडली की लाथ बसायची, बाप आडवा. पाच वेळा. सहा वेळा. साठ पोरापोरींचा वर्ग हसत होता. सर मागच्या भिंतीला टेकून हजेरीपटात डोकं घालून उभे होते.

"एक बार और, विक्रांत!" कोणीतरी ओरडलं.

आणि मीसुद्धा हसले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते. सगळा वर्ग हसत होता, शेजारची हसत होती, आणि माझ्याही तोंडातून हसण्यासारखा एक आवाज निघाला. त्या आवाजाची मला अजून शिसारी येते.

फिल्म माझीच होती. माझी असाइनमेंट. बेल झाली तेव्हा सर म्हणाले, "बाकी का नेक्स्ट पीरियड में देखेंगे." बस्स, एवढंच.

तेव्हा नुकताच आमचा जिल्हा फोडून चार केले होते. राज्य नवं, जिल्हा नवा, आमच्या गावाचं मंडल, म्हणजे तालुका, तोसुद्धा नवा. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. कॉलेजलाही काहीतरी नवं करून दाखवायचं होतं, म्हणून ही खोली झाली. प्रोजेक्टर, स्पीकर, स्मार्टबोर्ड सगळं आमच्या गावच्या पाटलानं दिलं. तो कॉलेजच्या कमिटीवर होता. खोलीच्या दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी. विक्रांत त्याचा सख्खा पुतण्या, माझ्याच वर्गात. त्यामुळे लॅपटॉपला हात लावायचा तर त्यानंच. बाकीच्यांनी लांबून बघायचं. पाटलाच्या विहिरीकडे माझ्या आजीनं जन्मभर असंच लांबून पाहिलं होतं.

आमच्या समाजशास्त्राच्या सरांना मात्र त्या खोलीचं खरंच वेड होतं. हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी नोट्स उतरवून देणं बंद केलं. म्हणाले, पुस्तकातून कॉपी करू नका. फोन उचला, गावात जा, एक सण पकडा, सहा मिनिटांत दाखवा. आपल्या आवाजात सांगा. तेलुगूत सांगा, मराठीत सांगा, गोंडीत सांगा. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. कॉलेजात सगळं तेलुगू आणि इंग्रजी. दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून मागच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला येतं.

मी पोळा घेतला.

आम्ही मांग. पोळ्याच्या तोरणाचा दोर आमच्या घरचा. चार दिवस आधीपासून बा अंबाडीचा वाख भिजवतो, पीळ देतो, दोर वळतो. गावाबाहेरच्या आखरावर दोन खांबांना तो ताणायचा, त्याला आंब्याची पानं लावायची. त्याच्याखाली गावचे बैल उभे राहतात. पाटलाची जोडी पहिली, मग मानामानानं बाकीच्यांच्या. मांगाचा दोर चालतो. मांगाचे बैल चालत नाहीत. आमच्या दारात कधी बैलच नव्हते, म्हणून आजवर हा सवाल कोणाला पडला नव्हता. त्या वर्षी बाची पहिल्यांदा स्वतःची जोडी होती.

फिल्मची पहिली दोन मिनिटं मी दोराची घेतली. बाचे हात, ओला वाख, पायाच्या अंगठ्यात अडकवलेला पीळ. फार छान आलं होतं. पण शेवट सापडेना. फिल्मला शेवट पाहिजे, असं सरांनी सांगितलं होतं.

"बा," मी म्हटलं, "आपली जोडी तोरनाखाली उभी कर ना. एकच मिनिट. मले शूट कराचं हाय."

"आपली जोडी कडेले थांबते, बाई."

"काऊन? दोर कोनं वळला?"

बा हसला. त्याला माझं कॉलेज फार मोठं वाटायचं. मास्तरानं सांगितलं म्हटल्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही. बैल धुतले, शिंगं रंगवली, नवी वेसण घातली आणि निघाला. तर बाला त्या तोरणाखाली मी नेलं. कॉलेजच्या असाइनमेंटसाठी.

मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. आजूबाजूला पोरं, सगळ्यांच्याच हातात फोन, त्यामुळे माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. झडत्या, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणतात ती गाणी, रंगात आल्या होत्या. बा आला आणि रांगेच्या अगदी टोकाला, दोराखाली उभा राहिला. पाटलानं मान वळवली. झडत्या थांबल्या.

"कोनाची रे जोडी?"

"माही हाय, मालक."

"मांगा, तोरनाखाली बैल घालतं? तुया बापानं घातले होते काय?"

पहिली थप्पड पाटलानं मारली. मग त्याची माणसं तुटून पडली. बैलाला टोचायच्या तुतारीची लोखंडी आर बाच्या दंडात घुसली, मग मांडीत. तो खाली पडला तशा लाथा. छातीत, तोंडावर, जिथे बसेल तिथे. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज फोनमध्ये आला आहे, वाळली तुराटी मोडावी तसा. आमच्या एका बैलाच्या डोळ्याखाली आर लागली, तो कासरा तोडून रक्त उडवत पळाला. माय धावत आली, तिला केसांना धरून मातीत फिरवलं. आणि बा सारखा म्हणत होता, "चुकलं मालक, चुकलं."

मी फोन धरून उभी. खाली उतरले नाही, ओरडले नाही. माझा हातसुद्धा हलला नाही. चार मिनिटांची फिल्म अगदी स्थिर आली आहे.

पुढच्या आठवड्यात मी ती अख्खी फिल्म कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये भरली. सर म्हणाले होते, सगळ्यांचं काम आधी मी एकटा बघणार. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे. बघेल, हादरेल, काहीतरी करेल. फाइली उघडायचं काम विक्रांतकडे असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो हसण्याचा दिवस संपवून मी गावच्या बसनं घरी गेले. बा खाटेवर पडला होता, हात गळ्यात बांधलेला.

"मास्तरानं पाह्यलं काय तुहं काम?"

"पाह्यलं."

"काय म्हने?"

"आवडलं म्हने."

बा खूश झाला. मायला म्हणाला, पोरीचं काम मास्तराले आवडलं. मी मागच्या दारी गेले आणि ओकले.

चार दिवसांनी प्रिन्सिपॉलनं केबिनमध्ये बोलावलं. सर तिथेच होते, नजर जमिनीवर. प्रिन्सिपॉल गोड बोलले, इकडे पोरीलाही अम्मा म्हणतात तसं. "देखो अम्मा, बात कू बढ़ाओ मत." डिजिटल क्लासरूम पाहायला हैदराबादहून साहेब लोक येणार होते. विद्यार्थ्यांच्या फिल्मा दाखवायच्या होत्या, अध्यक्ष पाटील. आणि त्यात माझी फिल्म निवडली होती. माझी! सरांनी ती कापून तयारसुद्धा ठेवली होती. पहिली दोन मिनिटं, फक्त दोर, मागे बासरी.

"रस्सी वाला पार्ट बहुत अच्छा है," प्रिन्सिपॉल म्हणाले. "फोक आर्ट."

मी प्ले दाबायचं, दोन वाक्यं बोलायची, पाटलांचे आभार मानायचे. नाही जमलं तर असाइनमेंटला शून्य आणि परीक्षेचं हॉल तिकीट अडकलं समजायचं. बाहेर व्हरांड्यात सर हळूच म्हणाले, "मैं भी कॉन्ट्रैक्ट पे हूँ, अम्मा." खरंच बोलत होते. तरी मला त्यांची कीव आली नाही.

ती बासरीवाली फिल्म सरांनी माझ्या फोनवर पाठवली, मी तिथेच दोनदा पाहिली. बाचे ते हात. खाली कोणाचं नाव नाही, तोंड नाही. यांना दोर पाहिजे, दोर वळणाऱ्याचे हातसुद्धा पाहिजेत, त्या हातांना जोडलेला माणूस तेवढा नको. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस मी स्वतःला खात होते, बाला मी नेलं, मी नेलं म्हणून. काय चुकलं होतं माझं? स्वतः वळलेल्या दोराखाली बाप एक मिनिट उभा राहिला. लाथ ज्यानं घातली ती त्याची. मी हसले, तेवढी चूक माझी. माझं मी निस्तरणार होते.

कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमध्ये होता, प्रोजेक्टर आणि स्पीकर तिथे नेले होते. पाटील पहिल्या रांगेत, गळ्यात हार. साहेब लोक शेजारी. माझं नाव पुकारलं. पेनड्राइव्ह ओढणीच्या गाठीत बांधला होता.

"सरक," मी विक्रांतला म्हटलं.

त्याला वाटलं, प्ले दाबायला आली. सरकला. मी पेनड्राइव्ह घातला, माझी फिल्म उघडली, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. दोराचा भाग झाला. साहेब माना डोलावत होते. मग पाटलानं दिलेल्या स्पीकरमधून पाटलाचाच आवाज आला, आख्खा हॉल भरून. "मांगा, तोरनाखाली बैल घालतं?"

विक्रांतनं माझी वेणी धरून मागे खेचलं. मी टेबल सोडलं नाही. त्याचा दुसरा हात माउसकडे गेला, त्या हाताला मी चावले. दात हाडाला लागेपर्यंत चावले. तो किंचाळला, माझ्या तोंडात त्याचं रक्त आलं. ते मी थुंकले. पाटलाचा ड्रायव्हर स्टेजवर चढला आणि माझ्या कानशिलात दिली. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. मी टेबलाला मिठी मारली, लॅपटॉप माझ्या दोन हातांच्या आत. पाठीत लाथा बसत होत्या आणि मी ओरडत होते, "तो माहा बाप हाय! पाहा! तो माहा बाप हाय!"

चार मिनिटं फार मोठी असतात. सगळी चालली. माझा वर्ग तोच होता, हॉलमध्ये तीच साठ पोरंपोरी. कोणी हसलं नाही.

मदतीला कोणी आलं, असं मात्र नाही. साहेब लोक गाडीत बसून निघून गेले. शिस्त मोडली म्हणून कॉलेजनं माझं नाव काढलं. विक्रांतच्या हाताला टाके पडले, त्याची माझ्यावर तक्रार त्याच दिवशी लिहून झाली. आमची काही केल्या होईना. जुन्या ठाण्यात म्हणत, तुमचं गाव नव्या मंडलात गेलं, तिकडे जा. नव्या ठाण्यात म्हणत, आमच्याकडे अजून कागद आले नाहीत, जुन्याकडे जा. मोडलेलं हाड घेऊन बा बसमधून तीनदा इकडून तिकडे हिंडला. चौथ्यांदा मी नव्या ठाण्यातल्या साहेबाच्या टेबलावर फोन ठेवला आणि फिल्म लावली. म्हटलं, लिहून घेईपर्यंत बंद करणार नाही. सकाळपासून ती वाजत राहिली. संपली की पुन्हा लावायची. बा बाकावर बसून स्वतःचं ओरडणं ऐकत होता. त्याला बाहेर बस म्हटलं तर म्हणाला, "राहू दे, ऐकू दे त्याइले." दुपारी चार वाजता त्यांनी लिहून घेतलं.

मग पुढच्या वर्षीच्या पोळ्याच्या तोंडावर पाटलाचा कारभारी आमच्या दारात आला. आजवर तो दारात कधी बसला नव्हता. त्या दिवशी बसला, पाणीसुद्धा मागितलं. मायनं दिलं.

"केस काढून घ्या," तो बाला म्हणाला. "मालक मोठ्या मनाचे हायेत. औंदा तुमची जोडी तोरनाखाली घेतो म्हनतात. सर्वांत शेवटी. पोरीचं नाव बी कॉलेजात परत चढते."

बानं माझ्याकडे पाहिलं. जन्मभर 'हो मालक' म्हणत आलेला माणूस.

"पोरीले इचारा," तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मला कॉलेज पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. एक दिवस त्याच खोलीत प्रोजेक्टरच्या उजेडात उभं राहून शिकवावं, असं वाटायचं. आजही वाटतं. कारभारी माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला ते दिसत होतं.

मी फोन काढला. कॅमेरा चालू केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"हेच परत बोला," मी म्हटलं. "आंधी आपलं नाव सांगा. मंग कोनी पाठवलं त्याचं."

तो चपला शोधायला लागला.

केस चालू आहे. ती मी काढणार नाही. ज्याला आमच्या जागेबद्दल बोलायचं असेल त्यानं आमच्या दारात यावं, कॅमेऱ्यासमोर उभं राहावं आणि स्वतःच्या नावानिशी बोलावं.